सासऱ्याची अंगठी उतरवणारा जावई

तलवाडा ही माझी सासुरवाडी. तिथं मला माझ्या नावानं कुणी ओळखत नाही. स्टँडवर उतरून रसवंतीवाल्याला नुसतं विचारा, "ते सासऱ्याची अंगठी उतरवणारे जावई कुणाच्या घरी येतात हो?" तो उसाचं कांडकं हातात धरूनच घर दाखवील. वर फुकटात दोन शब्द सांगेल, "लई शिकलेला हाय म्हनं त्यो. पन शेवटी जावई त्यो जावईच!"

यातलं 'शिकलेला' हे खरं आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि पदवीचा कागद काचेत घालून भिंतीला लावलेला आजपर्यंत तरी एकटाच. बी.ए. झालो, मग बी.पी.एड. केलं, आणि आता माजलगावात एका शाळेवर खेळाचा मास्तर आहे. माझा बाप साखर कारखान्याच्या ऊसतोडीवर उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवायचा. त्याच्या पोराला लोक 'सर' म्हणतात. हे मी लाजत सांगत नाही.

अंगठी उतरवली हेही खरं आहे. पण का उतरवली, आणि ती आता कुठं आहे, हे कुणी सांगत नाही. म्हणून म्हटलं आपणच एकदा लिहून टाकावं.

आधी माझ्या धंद्याचं सांगतो. माझ्या शिट्टीच्या दोरीला एक नेलकटर बांधलेलं असतं. पोरं माझ्यामागं मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. मैदानात पाय टाकायच्या आधी मी सगळ्यांना हात पुढं करायला लावतो. वाढलेली नखं तिथंच कापायची. गंडे, दोरे, कडी, अंगठ्या काढून दप्तरात टाकायच्या. मग मनगटं फिरवायची, मुठी उघडायच्या-मिटायच्या, बोटं एकेक करून सैल करायची. यावर पोरांचं म्हणणं असं, की सर आपल्याला खेळाडू न्हाई, संबळवाले करायलेत. एकजण तर हातातलं कडं सोडायलाच तयार नव्हता. "सर, महादेवाचं हाय. काडलं की आई बडवती." मी म्हटलं, "महादेव गळ्यात साप घालतो, कारण त्याला हॉलीबॉल खेळायचा नसतो. काढ." काढलं.

हे वेड मला उगीच लागलेलं नाही. बापाच्या डाव्या हाताच्या एका बोटाचं पेर कोयत्यानं गेलंय. त्याच्या शर्टाचं वरचं बटण अजून आई लावून देते. आणि दुसरं कॉलेजातलं. माझ्या बरोबरच्या एका मित्राचा साखरपुडा झाला होता. त्या आनंदात त्यानं बास्केटबॉलच्या रिंगला उडी मारून लोंबकळा घेतला. जाळी अडकवायचा आकडा असतो ना, त्यात अंगठी गुंतली. मित्र खाली आला, अंगठी वरच राहिली. बोटाचं काय झालं ते लिहीत नाही, वाचणारा कदाचित जेवत असेल. त्याचा संसार आता चांगला चाललाय. अंगठी मात्र तो गळ्यातल्या साखळीत घालतो, कारण घालायला दुसरी जागा उरली नाही.

आता लग्नाचं. माझ्या लग्नात मी काही घेतलं नाही. ना हुंडा, ना मानपान. सासरे मांडवात बळंबळं अंगठी घालायला आले, तेव्हा मी मूठ मिटून घेतली ती सोडलीच नाही. चार माणसांनी बोटं उकलायचा प्रयत्न केला, पण मोळ्या उचलणाऱ्याच्या पोराची मूठ होती ती. तेव्हापासून तलवाड्यात मी 'मूठ मिटलेला जावई'. सासरे खता-बियाण्याच्या दुकानात बसून येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमचा जावई काईच घेत न्हाई बरं का." ऐकून माझी छाती फुगायची. मला ते लई आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला मामी. मामा म्हणजे अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून भक्कम. तरुणपणी हॉलीबॉल खेळायचे. नेटवर उडी मारून समोरच्याचा फटका अडवायचा हे त्यांचं काम. गेवराई तालुक्यात कुठल्या गावच्या कुठल्या खेळाडूचा फटका कसा अडवला, हे ते दुकानात युरियाच्या पोत्यावर उभं राहून करून दाखवतात.

तर झालं असं, की त्या वर्षी धोंड्याचा महिना भर उन्हाळ्यात आला. अधिक मासात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वर काहीतरी सोनं-नाणं द्यायचं, ही पद्धत तुम्हाला ठाऊकच असेल. त्यामुळं त्या महिन्यात गावात शेतकरी कमी आणि जावई जास्त. गल्लीगल्लीत इस्त्रीचे कपडे घातलेले जावई दात कोरत बसलेले. पोरांच्या डोक्यात निघालं, की गाव विरुद्ध जावई असा हॉलीबॉलचा सामना लावायचा. आणि गावाच्या बाजूनं नेटवर कोण? मामा.

मी सामन्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पोचलो. शाळेमागच्या मैदानात सराव चालू होता. खांब म्हणून बोअरचे दोन पाइप रोवलेले. नेटची वरची दोरी तुटलेली, म्हणून तिथं कुंपणाची तार ओढलेली, आणि ती गाठ मारून मारून जोडलेली. प्रत्येक गाठीला तारेची टोकं वर आलेली. मामा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बनियनवर, त्या तारेपाशी उड्या मारत होते. आणि त्यांच्या उजव्या हातात ती अंगठी.

ती अंगठी म्हणजे पोवळ्याचा सुपारीएवढा खडा. दुकान टाकलं तेव्हा घातलेली. पुढं दुकान वाढलं, तसे मामाही वाढले, पण अंगठी तेवढीच राहिली. बाभळीला एखादी तार गुंडाळून ठेवावी आणि काही वर्षांनी झाडानं ती गिळून टाकावी, तसं ते बोट दिसायचं. अंगठीच्या अलीकडं मांस, पलीकडं मांस.

मामांनी उडी मारली, हात खाली आला, आणि मला 'टिंग' असा आवाज आला. खडा तारेला घासला होता. बाकी कुणाला तो आवाज ऐकूच आला नाही. मला मात्र मित्र आठवला.

"मामा," मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "अंगठी काढून खेळा."

"कावून?"

"तारेत गुंतली तर बोट जाईल."

"इतकी वर्सं न्हाई गुतली, ती उंद्याच गुतंल व्हय?" मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले. "आरं पोराहो, आमचे मास्तर तारंला भ्येतेत! बांगड्या काडाय लावतेत मला!"

मैदान खदखदलं. जावयानं सासऱ्याला चारचौघांत दुसऱ्यांदा सांगायचं नसतं.

तेवढ्यात बॉल माझ्या मेहुण्याच्या बोटाच्या टोकावर आदळला. तो हात झटकत ओरडला, आणि ओरडायचीच खोटी, आजूबाजूची तीन-चार पोरं त्याचं बोट ओढायला धावली. आमच्या भागात हा एक सार्वजनिक कार्यक्रम आहे. कुणाचं बोट मुरगळलं की ज्याच्या हाताला लागेल त्यानं ते कडकन ओढायचं. आवाज आला की 'बसलं' म्हणायचं, नाही आला तर दुसऱ्यानं ओढायचं. मी मधे घुसलो.

"ओढू नका बे! सोडा आधी!"

"मंग काय पूजा करायची का दाजी बोटाची?" मेहुणा कळवळत म्हणाला.

मी त्याला रसवंतीवर नेलं. फडक्यात बर्फ घेऊन बोटाला धरायला लावला. सूज जराशी थांबल्यावर बोट सरळ होतंय का, वाकतंय का ते पाहिलं. मग शेजारच्या बोटाला जोडून पांढरी पट्टी बांधली, मध्ये कापूस घालून. "सकाळपर्यंत वाकलं नाही किंवा वाकडं दिसलं, तर गेवराईला जाऊन हाडाचा फोटो काढायचा," असं बजावलं. लोक रस प्यायचा सोडून बघायला जमले. एक म्हातारं माणूस म्हणालं, "मास्तरनं बोटाचं लगीन लावलं की!"

सकाळी मेहुण्याची सूज निम्मी उतरली होती आणि बोट वाकत होतं. तो ते सगळ्यांना दाखवत फिरला. मामांनी बोट पाहिलं, मान हलवली, आणि स्वतःचा अंगठीचा हात पाठीमागं घेतला. मला ते दिसलं.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो. आत मामी आणि माझी बायको धोंडे वळत होत्या.

"मामी, तुम्ही तरी सांगा मामांना."

मामींनी हातातला धोंडा वळून ताटात ठेवला, दाराकडं एक नजर टाकली आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "ते काडनार न्हाईत, कारन ती निगतच न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? रोज आंगुळीला साबन लावून बगतेत. मोरीतून आवाज येतो मला. घुंऽ घुंऽ करून वडतेत. निगत न्हाई. मग भायेर येऊन म्हनतेत, ही लक्षिमी हाय, काडायची नसती."

बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"आन निगाली तरी तुमच्या सांगन्यानं काडनार न्हाईत," मामी म्हणाल्या. "काल समद्या गावाफुडं हसले की न्हाई ते? आता काडली तर भ्याले म्हनत्याल लोक. सामन्यात तर काडायचं नावच नगं."

"मग करायचं काय?"

मामींनी पुढचा धोंडा उचलला. "तुमी जावई हाव. आज तुमचा दिस हाय. रुसा."

तलवाड्याच्या त्या गल्लीत एक रीत आहे. धोंड्याच्या पंगतीला जावई पाटावर बसला, ओवाळून झालं, की त्यानं पहिला घास अडवून धरायचा. सासरा विचारतो, काय पाहिजे? जावई मागतो. जावई जे मागेल त्याला नाही म्हणता येत नाही, कारण जावई उपाशी उठला तर वर्षभर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. म्हणून शहाणे जावई घड्याळ मागतात, मोबाइल मागतात, एकानं मोटारसायकल मागितली आणि तो जेवायच्या आत गल्लीभर कायमचा बदनाम झाला.

"मी काही मागत नसतो मामी," मी म्हटलं. "गावाला ठाऊक आहे."

"ठाऊक हाय की." मामी माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "मंग ऱ्हाऊ द्या. बोट त्यांचं, मूठ तुमची."

बाहेर ओट्यावर मामा कुणाला तरी सांगत होते, "आज धोंड्यालाबी आमचा जावई काई मागनार न्हाई, लावता पैज?" मी ते ऐकत उंबऱ्यावर बसून राहिलो. पुरणाचा वास सुटला होता आणि मला अजिबात भूक नव्हती.

दुपारी पाट मांडला. रांगोळी काढली. चुलतसासरे भिंतीला टेकून बसले, मेहुण्याचे दोस्त दारात गर्दी करून उभे, शेजारच्या बायका खिडकीत. सगळ्यांना बघायचं होतं की मूठ मिटलेला जावई आज तरी मूठ उघडतो का. ओवाळणं झालं. ताटात धोंडे, वर तुपाची वाटी. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

मामा समोर बसले होते. ते हसले. "जेवा पावनं."

मी जेवलो नाही.

मामांचं हसू जरा पातळ झालं. "काय... काय पायजे का?" त्यांचा हात लगेच खिशात गेला, आणि लाल डबी बाहेर आली. म्हणजे आतून मामांनाही काही भरवसा नव्हता. "हितं नवी आनून ठिवलीय. मापाचं काय ते बगू."

"ही नको," मी म्हटलं.

"मंग?"

"तुमच्या बोटातली."

खिडकीतल्या बायकांच्या बांगड्यांचासुद्धा आवाज थांबला. मग चुलतसासरे मोठ्यांदा म्हणाले, "आरं तिच्या! इतकी वर्सं मूठ मिटून बसला ते ह्याच्यासाठी व्हय! बारकी नगं, थोरली पायजे!"

दारातली पोरं फुटलीच. "दाजी, लई लांबचा डाव टाकलाव की!" "आरं मास्तर हाय बे, अब्यास करून आलेला हाय!"

माझे कान तापले. मी तोंड उघडलं, "मला ती घालायची नाही हो, मला फक्त—"

"मंग काय मोडून खायची?" चुलतसासरे.

सगळं सांगून टाकावं असं माझ्या जिभेवर आलं. तार, आकडा, मित्राचं बोट. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात मामी दिसल्या. त्यांनी नको म्हणून मान एवढीशी हलवली. सांगितलं असतं तर मामांनी पुन्हा 'मास्तर भ्येतेत' म्हणून हसण्यावारी नेलं असतं, आणि सामन्याला अंगठी घालूनच उतरले असते. मी गिळलं आणि म्हटलं, "अंगठी पाहिजे. नाहीतर उठतो."

बाप माझा ऊस वाहणारा, पण त्यानं कधी कुणाचं उसाचं कांडकंसुद्धा मागितलं नाही. मी त्याचा पोरगा, पाटावर बसून सासऱ्याच्या बोटातलं सोनं मागत होतो, आणि बायका खिडकीतून ते बघत होत्या.

मामा माझ्याकडं बघत राहिले. पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत राग आला. मग काहीतरी दुसरंच आलं, ते मला तेव्हा कळलं नाही. ते सावकाश म्हणाले, "जावयानं मागितलं. आता न्हाई कसं म्हनायचं?"

आणि त्यांनी ओढायला सुरुवात केली.

निघेना. साबण आला. निघेना. खोबरेल आलं. निघेना. मामांनी सरळ माझ्या ताटातल्या तुपाच्या वाटीत बोट बुडवलं. घसरायची ती चिमटी घसरली, अंगठी जागची हलली नाही. चुलतसासऱ्यांनी मनगट धरलं, मेहुणा चांगल्या हातानं अंगठी धरून मागं रेलला. बोट लालाचं निळसर व्हायला लागलं. मामांच्या कपाळावर घाम आला. आता मागं हटता येत नव्हतं. जावई उपाशी होता.

"ओढू नका!" मी ताटावरून उठलो. जावई न जेवता ताटावरून उठला म्हणून खिडकीत कुणीतरी 'अगं बाई' केलं. "एकजण पण हात लावू नका! मामी, गोधडीचा दोरा आणा."

मी मामांना भिंतीशी बसवलं आणि हात डोक्याच्या वर धरायला लावला. थंड पाण्याचं फडकं गुंडाळलं. मामा हात वर करून वर्गातल्या पोरासारखे बसले. पोरांनी मोबाइल काढले, मी ते खिशात घालायला लावले. बोटाचा रंग जागेवर आल्यावर दोऱ्याचं एक टोक अंगठीच्या खालून सुईच्या नाकानं अलगद आत सारलं. उरलेला दोरा अंगठीच्या वरच्या बाजूला, बोटाच्या पेरावर, वेढ्याला वेढा लावून घट्ट गुंडाळत नेला. मांस दबलं. मग आत सारलेलं टोक मामींच्या हातात दिलं. "आता हे बोटाच्या टोकाच्या दिशेनं सावकाश उलगडा. घाई नाही."

मामी बसल्या. एक वेढा सुटला, अंगठी एक केसभर पुढं आली. दुसरा सुटला, अजून थोडी. मामा डोळे मिटून होते. मामी मात्र गोधडीचा टाका उसवावा तशा निवांत उलगडत होत्या. सांध्यावर अंगठी जरा अडली, मामांनी 'स्स' केलं, आणि पुढच्या वेढ्याला ती मामींच्या पदरात पडली.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे बोट बघत होते. अंगठीच्या जागी पांढरंफटक, बारीक, सुरकुतलेलं असं काहीतरी निघालं होतं. मामांच्या हातावर दुसऱ्याच कुणाचं तरी बोट लावल्यासारखं. मामांनी ते वाकवलं, सरळ केलं. परत वाकवलं.

"हलकं लागायलंय," ते म्हणाले.

मग त्यांनी पदरातली अंगठी उचलली, माझा हात ओढला, तळव्यावर ठेवली आणि माझी मूठ स्वतःच्या हातानं मिटवली. "घ्या. आता जेवा."

धोंडे थंड झाले होते. तूप तर मामांच्या बोटालाच गेलं होतं. मी तसेच खाल्ले.

संध्याकाळी मैदानावर गेलो, तर माझ्या बाजूचे झाडून सगळे जावई नव्या कोऱ्या अंगठ्या घालून उभे. दुपारीच मिळालेल्या. अंदाजानं केलेल्या, म्हणून बोटांत ढिल्या. सासरे कडेला सतरंजीवर बसलेले, आणि ते बघतायत म्हणून कुणी काढायला तयार नाही. मी नेलकटर काढून एकेकाची नखं बघत अंगठीचं बोललो, तर एक जावई म्हणाला, "सोताच्या सासऱ्याची उतरवून झाली, आता आमच्या सासऱ्यांवर डोळा व्हय?"

माझी स्वतःची मूठ रिकामी होती, हे सांगायची सोय नव्हती. मामांची अंगठी माझ्या खिशात रुमालात बांधलेली होती.

पण सामना सुरू झाला आणि ज्यानं टोमणा मारला होता त्यानंच पहिला बॉल मारला. बॉल नेटमध्ये गेला आणि अंगठी बॉलच्या पुढं गेली. खेळ थांबला. दोन्ही संघ आणि सगळे सासरे गुडघ्यावर बसून मातीत अंगठी शोधायला लागले. सापडली तेव्हा अंधार पडायची भीती वाटायला लागली होती. मग सगळ्यांनी अंगठ्या काढल्या, आणि सतरंजीवरच्या आपापल्या सासऱ्याकडं नेऊन दिल्या. सासऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. दुपारी दिलेलं संध्याकाळी परत आलेलं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

आम्ही हरलो. पुरणानं भरलेल्या जावयांना जमीन सोडवत नव्हती. मामा मात्र उडाले. माझ्या एका फटक्याला ते पाइपाशेजारी असे चढले, की खरंच भिंत उभी राहिली. बॉल परत माझ्या तोंडावर आला. पण खाली येताना त्यांचा हात तारेवरून घसरला, आणि मामा जागच्या जागी थांबले.

मी नेटखालून पलीकडं गेलो. पांढऱ्या जागेवर एक लाल ओरखडा उठला होता. बरोबर अंगठी असायची तिथंच. वर तारेच्या गाठीचं एक टोक बाहेर आलेलं. मामांनी तारेकडं पाहिलं. बोटाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील.

"बगत काय बसलाव बे? बॉल टाका!" ते ओरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गिऱ्हाईक नाही असं बघून मी दुकानात गेलो आणि रुमाल सोडून अंगठी गल्ल्यावर ठेवली.

"ही घ्या. मला नको होती, तुम्हाला माहीत आहे."

"म्हाईत हाय की," मामा म्हणाले. त्यांनी अंगठी उचलली आणि गल्ल्याच्या खणात, किल्ल्यांच्या खाली टाकली. बोटात घातली नाही. बोटावर हळद लावलेली होती.

"मग गावात सांगा तेवढं, परत दिली म्हणून."

मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी बियाण्याचं पोतं उधार मागतोय. "काय सांगू? तारंला भिऊन काडली म्हनून? का न्हानीत साबन लावून निगत नव्हती म्हनून? जावयानं पाटावर बसून मागितली, आमी दिली. ह्यात माझी मान वर ऱ्हाती."

"आणि माझी?"

"तुमी शिकलेले हाव," मामा म्हणाले. "तुमाला खाली मान घालायची सवय हाय की. पुस्तकं काय वर बगून वाचिता व्हय?"

पाठीमागं, दुकानाच्या आतल्या दारात मामी हसल्याचा आवाज आला. तेव्हा मला कळलं की आदल्या दुपारी मामांच्या डोळ्यांत रागानंतर जे दुसरं काही आलं होतं, ते काय होतं. पाटावर बसल्या बसल्या त्यांनी हिशेब केला होता. अंगठी उतरणार, बोट राहणार, आणि नाव जावयाचं जाणार. मामी आणि मामांनी मिळून मला पद्धतशीर विकलं होतं.

तर असं आहे. अंगठी मामांच्या गल्ल्यात आहे आणि बदनामी माझ्या नावावर. त्या गल्लीतले नवे जावई मला गाठून विचारतात, "तुमी कसं जमवलंव?" बायको म्हणते सांगून टाका. पण तलवाड्यात आता तोंडानं सांगायची सोयच राहिली नाही, आणि त्याचं कारण मी मागच्या महिन्यात तलवाड्याला गेलतो तेव्हा बघितलं.

शाळेमागच्या मैदानात संध्याकाळी हॉलीबॉल चालूच असतो. आता नेटला कुंपणाची तार नाही, नायलॉनची दोरी आहे. खांबाच्या पाइपाला तेलाचा एक रिकामा डबा लटकवलेला. शेजारी मामा हात मागं बांधून उभे, मैदानात येणाऱ्या प्रत्येक पोराचे हात बघत. एक नवंच लग्न झालेला पोरगा बोटात चमकदार अंगठी घालून आत शिरला. मामांनी त्याला दंडाला धरून थांबवलं.

"काड बे अंगठी."

"ऱ्हाऊ द्या की काका, सासऱ्यानं दिलेली हाय."

मामांनी हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. मी तिकडं नेटखाली उभा होतो, गळ्यात शिट्टी, हातात नेलकटर.

"त्यो बग कोन आलाय. काड मुकाट्यानं, न्हाई तर आमचा जावई मागून घेईल!"

पोरानं माझ्याकडं पाहिलं. अंगठी डब्यात पडल्याचा खण्ण असा आवाज झाला. त्याच्या मागच्या दोघांनी मामांनी सांगायच्या आधीच काढल्या.

मी नेलकटर उघडलं आणि म्हटलं, "आता नखं दाखवा."